सावित्रीकांठचें महाड

कोंकणांतल्या नदीला आयुष्य थोडें आणि घाई फार. महाबळेश्वराच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारें साडेचार हजार फुटांवर, ज्या नद्यांचा उगम सांगतात त्यांपैकीं कृष्णा पूर्वेकडे वळते आणि शेंकडों मैलांचा देश भिजवीत बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. सावित्री त्याच माथ्यावरून पश्चिमेकडे तोंड करते आणि सुमारें साठ मैलांच्या आंतच बाणकोट व हरिहरेश्वर ह्यांच्यामध्यें समुद्रांत शिरते. बहिणी एकाच माहेरच्या. पण एकीच्या कांठीं वाई, कऱ्हाड, सांगली अशीं नगरें वसलीं, आणि दुसरीच्या कांठीं पोलादपूर सोडलें तर बाजारपेठेचें गांव म्हणून नांव घेण्यासारखें महाडच काय तें राहिलें. २०११ च्या खानेसुमारींत ह्या गांवची वस्ती सत्तावीस हजारांच्या घरांत भरली. आजच्या हिशेबानें हा आंकडा मोठ्या शहराच्या एखाद्या पेठेचा म्हणावा लागेल.

ह्या लहानशा नगरपालिकेचें नांव देशाच्या इतिहासांत लागलें तें एका तळ्यामुळें, हें शाळेंतल्या मुलांसहि ठाऊक आहे. परंतु तो प्रसंग महाडासच कां घडावा, पेणास किंवा रोह्यास कां घडूं नये, ह्याचा विचार फारसा केलेला आढळत नाहीं. आमच्या मतें त्याचें उत्तर अर्धें माणसांत आहे आणि अर्धें भूगोलांत. माणसांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे व तें योग्यच आहे. म्हणून येथें आरंभ जमिनीपासून आणि पाण्यापासून करावा हें बरें.

महाड सावित्रीच्या उजव्या तीरावर, गांधारी नदी तिला मिळते त्या कोंपऱ्यांत वसलेलें आहे. समुद्र येथून तीस मैलांहून अधिक दूर. तरी भरतीचें पाणी बाणकोटच्या खाडींतून चढत चढत येथपर्यंत येऊन टेकतें. मोठीं गलबतें, आणि पुढें आगबोटी, खालीं पांच मैलांवरच्या दासगांवाशीं थांबत. लहान पडाव भरती साधून महाडापर्यंत येत व ओहोटी लागण्यापूर्वीं माघारे फिरत. गांवाच्या पाठीशीं सह्याद्रीची भिंत उभी. तिच्यांतून एक वाट वरंध घाटानें भोरावरून पुण्याकडे जाते आणि दुसरी पोलादपुरावरून आंबेनळी घाटानें महाबळेश्वर व वाईकडे चढते. पाण्याची वाट जेथें संपते आणि बैलाची वाट जेथें सुरू होते, अशा जागीं ओझें उतरावेंच लागतें. आणि ओझें उतरलें कीं बाजार आपोआप भरतो. खालून मीठ, नारळ, सुकी मासळी यावी, वरून गूळ, कांदे, हिरडा उतरावा, मधल्या खाचरांतला तांदूळ दोहींकडे जावा, असा हा व्यवहार. आसपासच्या डोंगरकपारींतल्या माणसाला बाजारहाटासाठीं महाडाला आल्यावांचून गत्यंतर नव्हतें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिचें काम पुढें पडणार आहे.

ही वाट किती जुनी आहे ह्याची साक्ष गांवाच्या वायव्येस दोनएक मैलांवर डोंगराच्या कुशींत कोरलेलीं गांधारपाले येथील लेणीं देतात. तीसच्या आसपास असलेल्या ह्या बौद्ध लेण्यांतील एका ब्राह्मी लेखांत कुमार काणभोज विष्णुपालित ह्याचें नांव आलेलें आहे. हा कोण, कोठला, ह्याविषयीं निराळा ग्रंथपुरावा नाहीं. एक दानाचा लेख आणि त्यांतलें नांव एवढाच त्याचा संसार शिल्लक राहिला. ग्रीक प्रवासवर्णनांत कोंकण किनाऱ्यावरील ज्या बंदरांचीं नांवें आलीं आहेत त्यांतलें ‘पालाइपात्माइ’ म्हणजे हेंच पाले असावें असाहि तर्क कांहीं विद्वानांनीं केला आहे. तर्क खरा असो वा नसो, भिक्षूंचे विहार व्यापाराच्या वाटेवर कोरले जात, आणि येथें ते आहेत.

मधलीं कित्येक शतकें येथें ओलांडून जावयास हरकत नाहीं. १६५६ मध्यें शिवाजी महाराजांनीं चंद्रराव मोऱ्यांकडून रायरी घेतली, पुढें तिचा रायगड झाला, आणि ६ जून १६७४ रोजीं त्यावर राज्याभिषेक झाला. गड महाडाच्या उत्तरेस पंधरा-सोळा मैलांवर. राजधानी डोंगरावर बसली तरी तिचें पोट पायथ्याशींच असतें. गडावर दोन्हीं बाजूंनीं दुकानांची ओळ असलेली बाजारपेठ आजहि दाखवितात. पण त्या पेठेंतलें मीठ व तांदूळ कांहीं गडाच्या कातळावर पिकत नसे. त्यासाठीं खाडीची वाट आणि खालचा बाजार हींच उपयोगीं पडणारीं होतीं.

रायगडाचें वैभव ओसरल्यावरहि महाडाच्या वाट्याला मोठ्या माणसांचे पाय लागत राहिले, मात्र ते बहुधा अडचणींत सांपडलेल्या माणसांचे. सवाई माधवराव १७९५ च्या ऑक्टोबरांत वारल्यानंतर पेशवाईच्या गादीविषयीं जो घोळ झाला त्यांत नाना फडणिसांस पुणें सोडावें लागलें. ते घाट उतरून महाडास येऊन राहिले आणि येथूनच त्यांनीं आपलीं सूत्रें हालविलीं. १७९६ च्या ऑक्टोबरांत निजामाच्या दरबाराशीं जो करार ठरला त्याला इतिहासांत ‘महाडचा तह’ म्हणतात. त्याचें फळ असें कीं, डिसेंबरांत दुसऱ्या बाजीरावास गादी मिळाली आणि नानांस कारभार. कोंकणांतल्या एका बाजारगांवांत बसून पुण्याची गादी कोणाला द्यावयाची हें ठरवावें, ह्यांत नानांचें कसब दिसतें तसा महाडच्या जागेचा गुणहि दिसतो: मागें रायगडासारखा गड, पुढें समुद्राची मोकळी वाट, आणि पुणें दूर तरी हाताबाहेर नाहीं. हा गुण बाजीरावानेंहि हेरला असावा. १८०२ च्या ऑक्टोबरांत यशवंतराव होळकरांनीं पुण्यापाशीं त्याच्या फौजेचा मोड केला तेव्हां तो पळाला तो महाडावरूनच किनाऱ्याकडे गेला, आणि ३१ डिसेंबरला वसईस इंग्रजांच्या तहावर त्याची सही झाली. ज्या गांवांत त्याची पेशवाई ठरली त्याच गांवावरून तो ती गहाण टाकावयास निघाला. १८१८ च्या मे महिन्यांत रायगड इंग्रजांच्या हातीं गेला तेव्हां बाजीरावाची पत्नी वाराणशीबाई गडावर होती.

इंग्रजी अंमलांत महाडास तालुक्याची कचेरी आली, आणि १८६० नंतरच्या दशकांत नगरपालिका आली. ह्या दोन संस्थांनीं गांवाच्या पूर्वींच्या स्वभावांत जी भर घातली ती वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. पूर्वीं लोक बाजाराला येत. आतां ते वसूल भरावयाला, कागद पोहोंचवावयाला, मामलेदाराच्या बोलावण्यालाहि येऊं लागले. खेड्याखेड्यांतून सरकारी वसूल व कागदपत्र घेऊन येणारा माणूस बहुधा महार वतनदार असे. दहा-दहा मैल उन्हांतून चालत यावें, कचेरीच्या ओट्याखालीं तासन् तास उभें राहावें, आणि तहान लागली तर काय करावें? गांवाच्या मध्यभागीं परक्या माणसास पाणी मिळण्याजोगें एकच सार्वजनिक ठिकाण होतें, तें म्हणजे चवदार तळें. तें त्याला बंद होतें. महारवाड्यांतली विहीर दूर, आणि तीहि निगेअभावीं बुजत चाललेली.

ह्या तळ्याची मांडणी समजून घेतली पाहिजे. पावसाचें पाणी आणि पोटांतले झरे ह्यांवर तें भरतें. तें कोणीं व केव्हां खोदलें ह्याचा दाखला नाहीं. चारी बाजूंनीं बांध, बांधालगत खासगी मालकीच्या जमिनीच्या अरुंद पट्ट्या, त्यांपलीकडे नगरपालिकेचा रस्ता, आणि रस्त्यापलीकडे सवर्ण हिंदूंचीं घरें. नगरपालिका स्थापन झाल्यावर सरकारनें तें तिच्या ताब्यांत दिलें आणि तेव्हांपासून कागदोपत्रीं तें सार्वजनिक झालें. म्हणजे कायद्यानें तळें सर्वांचें, वहिवाटीनें कांहींचें. मुसलमान पाणी भरीत, ख्रिस्ती भरूं शकत, गुरें पीत; मज्जाव काय तो त्या काळीं ज्यांस अस्पृश्य म्हणत त्यांनाच होता. पावसाळ्यांत ज्या गांवाच्या दारांत नदी येऊन उभी राहते त्या गांवानें एका ओंजळीचा एवढा कडक हिशेब ठेवावा, ह्या विसंगतीचें नवल त्या वेळीं फारच थोड्यांना वाटलें असेल.

थोड्यांना वाटलें, असें म्हणण्यास आधार आहे. महाडजवळच्या रावढळ गांवचे गोपाळबाबा वलंगकर हे पलटणींतून निवृत्त झालेले गृहस्थ. ‘विटाळ विध्वंसन’ ही त्यांची पुस्तिका १८८८ ची. १८९५ त सरकारनें त्यांस महाडच्या तालुका लोकलबोर्डावर नेमलें, तेव्हां शेजारीं कोण बसतो हा प्रश्न उच्चवर्णीय सभासदांस बोर्डाच्या कामापेक्षां मोठा वाटला. वलंगकर १९०० सालीं वारले. त्यांच्यामागें ह्या भागांत जी जागृति टिकून राहिली ती पलटणीच्या पेन्शनींवर आणि शाळांतून मिळालेल्या अक्षरओळखीवर उभी होती. पुढें परिषद भरविण्यासाठीं धडपडणारे रामचंद्र बाबाजी मोरे हे ह्याच दासगांव-महाडच्या मातींतले. इतक्या लहान टापूंत एवढी तयारी आधींपासून होती, हें १९२७ विषयीं लिहितांना विसरलें जातें.

४ ऑगस्ट १९२३ रोजीं रावबहादुर सीताराम केशव बोले ह्यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलांत पास झाला: सरकारी खर्चानें बांधलेलीं किंवा सार्वजनिक संस्थांच्या ताब्यांतलीं पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने आदि ठिकाणें अस्पृश्यांस खुलीं असावीं. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेनें ५ जानेवारी १९२४ रोजीं चवदार तळें सर्वांस खुलें केल्याचा ठराव केला. ठराव दप्तरांत राहिला. तळ्यावर कोणी गेलें नाहीं. असे ठराव हिंदुस्थानांतल्या अनेक नगरपालिकांनीं केले असतील व तेहि असेच दप्तरांत झोंपले असतील. महाडचा ठराव मात्र कोणीतरी वाचला.

१९ व २० मार्च १९२७ रोजीं कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांच्या अध्यक्षतेखालीं महाडास भरली. जमलेल्या हजारों माणसांसाठीं स्वागतमंडळाला चाळीस रुपयांचें पाणी सवर्णांकडून विकत घ्यावें लागलें. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस हे परिषदेच्या बाजूचे होते. दुसऱ्या दिवशीं समारोपाच्या सुमारास अनंतराव चित्रे ह्यांनीं, नगरपालिकेचा ठराव आहे तर तो अंमलांत आणावा, असें सुचविलें. आणि सर्व समुदाय शिस्तीनें बाजारांतून चालत तळ्यावर गेला. अध्यक्षांनीं ओंजळभर पाणी घेतलें, मागून इतरांनीं घेतलें. एवढेंच झालें. परंतु ते आतां विरेश्वराच्या देवळांत शिरणार अशी आवई उठली, काठ्या बाहेर आल्या, आणि परतीच्या वाटेवरचीं, जेवावयास बसलेलीं माणसें झोडपलीं गेलीं. नंतर शेण, गोमूत्र, दहीं, दूध घातलेल्या १०८ घागरींनीं तळ्याची शुद्धि करण्यांत आली. त्याच वर्षीं ४ ऑगस्टला, म्हणजे बोल्यांच्या ठरावाला नेमकीं चार वर्षें झालीं त्या तारखेला, नगरपालिकेनें आपला ठराव मागें घेतला. अध्यक्ष एका मताचा आणि सभागृह दुसऱ्या मताचें, अशी ही नगरपालिका. तिच्यावर एकजात दोष किंवा एकजात स्तुति लादणें दोन्हीं सारखेंच चुकीचें.

डिसेंबरांत सत्याग्रह परिषद भरावयाची ठरली, आणि येथें सावित्री नदी पुन्हां आमच्या गोष्टींत शिरते. धरमतर-महाड रस्त्यावरच्या मोटारवाल्यांचा भरवसा नव्हता, म्हणून आंबेडकर व त्यांचे अनुयायी २४ डिसेंबरला मुंबईहून ‘पद्मावती’ आगबोटीनें निघाले. २५ तारखेला दुपारीं बोट बाणकोटची खाडी चढून दासगांवास लागली, आणि तेथून पांच मैल पायीं चालत मंडळी महाडांत पोंचली. गलबतांची जुनी वाट अशी कामास आली. मंडपासाठीं गांवांतल्या हिंदूंपैकीं कोणी जागा देईना. ती फत्तेखान नांवाच्या मुसलमान गृहस्थानें दिली. त्याच रात्रीं, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे ह्यांनीं मांडलेल्या ठरावावरून, मंडपापुढच्या कुंडांत मनुस्मृति जाळण्यांत आली. ठराव मांडणारे सहस्रबुद्धे जन्मानें ब्राह्मण होते. अध्यक्षीय भाषणांत आंबेडकरांनीं ह्या सभेची तुलना १७८९ च्या फ्रान्सांतील राष्ट्रसभेशीं केली, आणि हें पाणी प्यालों नाहीं म्हणून आजवर आपण मेलों नाहीं, आपणहि माणसें आहोंत हें सिद्ध करावयासाठीं तेथें जावयाचें आहे, अशा अर्थाचें विवेचन केलें.

मात्र ह्या खेपेस तळ्याचें पाणी घेतलें गेलें नाहीं. गांवांतल्या कांहीं गृहस्थांनीं १२ डिसेंबरलाच दिवाणी दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळविला होता. कलेक्टरानें येऊन रदबदली केली. पुष्कळ चर्चेअंतीं सत्याग्रह तहकूब ठेवून तळ्याभोंवतीं नुसती मिरवणूक काढण्यांत आली. सत्याग्रहाच्या उत्साहानें आलेल्या खेडुतांना हें किती जड गेलें असेल! पण कज्जा कोर्टांत गेला हें एका दृष्टीनें बरेंच झालें, असें मागें वळून पाहतां वाटतें. कारण तेथें प्रश्न असा उभा राहिला कीं, ही वहिवाट खरोखर किती जुनी आहे? वादींचें म्हणणें असें कीं, तळें पूर्वापार सवर्णांचें व अस्पृश्यांस वगळण्याची रूढि अनादि काळापासूनची. खालच्या कोर्टानें १९३१ त दावा फेटाळला, ठाण्याच्या अपिलांत १९३३ त तोच निकाल कायम झाला, आणि १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई हायकोर्टानें त्यावर शिक्कामोर्तब केलें. न्यायमूर्ति ब्रूमफील्ड ह्यांनीं दिलेल्या निकालाचा गाभा इतकाच कीं, रूढि अनादि आहे हें वादींस शाबीत करतां आलें नाहीं. ‘पूर्वींपासून चालत आलें आहे’ असें जें आपण सहज म्हणतों तें पुराव्याच्या कसोटीवर किती थोडें टिकतें, ह्याचा हा निकाल म्हणजे एक उत्तम धडा होय. आणि तो कोणत्याहि गांवचा इतिहास लिहूं पाहणाऱ्यानें जवळ ठेवावा.

खटला चालूं असतांनाच महाडचा भूगोल बदलूं लागला होता. १९२८ मध्यें महाड व पोलादपूर ह्यांच्या दरम्यान सावित्रीवर दगडी कमानींचा पूल झाला. रस्ते जसे वाढले तशी खाडी ओस पडत गेली; आगबोटी थांबल्या, पडाव कमी झाले, आणि मुंबई-गोंवा रस्ता हेंच महाडचें बंदर झालें. १९९८ त पूर्ण झालेली कोंकण रेल्वेहि गांवांत न येतां जवळच्या वीर स्टेशनावरून गेली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत औद्योगिक वसाहत आली, तिच्यांतल्या रासायनिक कारखान्यांनीं पोरांना नोकऱ्या दिल्या, आणि सावित्रीच्या पाण्याविषयीं कोळ्यांना एक निराळीच तक्रार करावयास लावली.

नदीनें आपला मूळ स्वभाव मात्र सोडला नाहीं. साडेचार हजार फुटांवरून निघालेलें पाणी वीस-पंचवीस मैलांच्या आंत समुद्राच्या पातळीजवळ येतें. त्याच वेळीं खालून भरती चढत असली तर त्याला जावयास वाट उरत नाहीं, आणि तें महाडच्या बाजारपेठेंत शिरतें. ज्या भरतीनें गांव वसविलें तीच त्याला बुडविते. २००५ च्या जुलै अखेरीस महापुराबरोबर डोंगरहि खचले. दासगांव, जुई, कोंडिवते, रोहण ह्या तालुक्यांतल्या गांवांत दरडींखालीं दोनशेंच्या आसपास माणसें गेलीं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं पुरानें १९२८ चा तो पूल वाहून नेला आणि अंधारांत आलेल्या दोन एस. टी. गाड्या नदींत गेल्या. नवा पूल पुढच्या जूनांत खुला झाला. २०२१ च्या जुलैमध्यें महाबळेश्वरास २३ तारखेच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर, म्हणजे तेवीस इंचांहून अधिक, पाऊस झाला. महाडांतलीं तळमजल्यांचीं घरें व दुकानें बुडालीं, आणि तालुक्यांतल्या तळिये गांवावर दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें मृत्यु पावलीं. त्यानंतर पात्रांतील गाळ काढण्याचें काम हातीं घेण्यांत आलें.

चवदार तळ्याला आतां चारी बाजूंनीं बांधीव घाट आहे, मध्यें बाबासाहेबांचा पुतळा आहे, आणि मनुस्मृतीच्या दहनाची आठवण म्हणून गांवांत क्रांतिस्तंभ उभा आहे. २० मार्चला व २५ डिसेंबरला दूरदूरच्या जिल्ह्यांतून माणसें येतात. नदीच्या वाटेनें आतां कोणी येत नाहीं, सारी गर्दी मोटारींनीं आणि वीर स्टेशनावरून येते. शिवरात्रीला विरेश्वराचा छबिना निघतो तेव्हां बाजार पुन्हां भरतो. वरंधाचा घाट पावसाळ्यांत दरडींमुळें वारंवार बंद पडतो, आणि तो बंद पडला म्हणजे भोराकडचा माल ताम्हिणी किंवा आंबेनळीवरून फिरून महाडास येतो.